समुद्राकाठची साठीतली घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभादेवीला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, १९६३ साली बांधलेल्या इमारतीत माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यातली आठ वर्षं मी सोसायटीची सचिव होते. त्यामुळे मला प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे. काहींना जुन्या मुंबईची हौस असते, आणि उरलेल्यांच्या छताचे पोपडे पडत असतात. दोघांनाही उत्तरं एकाच जागी सापडावीत म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणजे नक्की कोणत्या इमारती?

ढोबळ मानाने दुसरं महायुद्ध संपल्यापासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या. सपाट छप्पर, नक्षीकामाला पूर्ण फाटा आणि आरसीसीचा, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, सांगाडा. भार खांबांनी उचलला म्हणून भिंती मोकळ्या झाल्या, आणि भिंती मोकळ्या झाल्या म्हणून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी टाकता आली. मूळ विचार युरोप-अमेरिकेतला. पण मुंबईत तो आला तेव्हा देश नुकताच स्वतंत्र होत होता, आणि ‘आता साहेबासारखं बांधायचं नाही’ अशी ऊर्मी इथल्या तरुण वास्तुरचनाकारांमध्ये होती. आपल्या मालवणाजवळच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले. चार्ल्स कोरिया मिशिगन आणि एमआयटीत शिकून आले आणि १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचं काम सुरू केलं.

मराठीत या शैलीला रुळलेलं नाव नाही. राहणारे ‘साठ सालची बिल्डिंग’ म्हणतात, दलाल ‘ओल्ड कन्स्ट्रक्शन’ म्हणतो. दलालाच्या तोंडी तो शब्द भाव पाडण्यासाठी असतो, एवढं लक्षात ठेवा.

म्हणजे मरीन ड्राइव्हच्या त्या गोलाईच्या इमारतीच ना?

नाही. त्या आर्ट डेको, म्हणजे तीस-चाळीसच्या दशकातल्या. बोटीसारखे गोल कोपरे, गच्चीच्या कठड्याला पट्ट्या, दारावर सूर्यकिरणांची जाळी, ही त्यांची ओळख. दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. आपण बोलतोय ती आर्ट डेकोनंतरची पिढी. तिला गोलाईचं कौतुक नाही. तिची सजावट म्हणजे छज्ज्याची सावली, एवढंच.

सीमारेषा मात्र धूसर आहे. पन्नास सालच्या आसपासच्या शिवाजी पार्क-माटुंग्याच्या कितीतरी इमारतींत जिना डेको असतो आणि गॅलरी मॉडर्न.

आमची सोसायटी तळमजला अधिक तीन, लिफ्टसुद्धा नाही. तीही यात येते?

येते. माझ्या मते तीच जास्त येते.

पुस्तकांत फोटो असतात ते मलबार हिल-कंबाला हिलच्या उंच इमारतींचे. पण मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला ही वास्तुकला आली ती सहकारी सोसायटीच्या रूपाने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी चाळ किंवा इमारत बांधणं परवडेनासं झालं. मग लोकांनी एकत्र येऊन मालकीची घरं बांधायला घेतली. १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा झाला, १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा आला. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास, पत्रकारनगर, मध्यम उत्पन्न गटाची एमआयजी वसाहत. दादर-माहीम-प्रभादेवी पट्ट्यात गल्लोगल्ली तीन-चार मजली सोसायट्या. यातल्या बहुतेकांच्या वास्तुरचनाकाराचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण नकाशा उघडून पाहा: दोन्ही बाजूंना खिडक्या, पुढे गॅलरी, जिन्याला जाळी, स्वयंपाकघराला मागचा वारा. चाळीतल्या एका खोलीतून इथे आलेल्या माणसाला पहिल्यांदा आरपार वारा मिळाला, तो या नकाशामुळे.

पाहायच्या असतील तर कुठे जाऊ?

रविवारी सकाळी काळ्या घोड्यापासून निघा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. पुढे झेपावलेली तिची काँक्रीटची झालरदार छत्री आधी बाहेरूनच नीट पाहा, चित्रं नंतर. आजूबाजूला सगळा दगडी साहेबी थाट आणि मध्येच ही, जणू लग्नात सुती साडी नेसून आलेली मावशी.

तिथून नरिमन पॉइंट. एक्स्प्रेस टॉवर्स जोसेफ अ‍ॅलन स्टाइन यांची, एअर इंडियासाठी बांधलेली २३ मजली इमारत १९७४ सालची, न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांची. सगळी भरावाची जमीन. इथे एक गोष्ट डोळ्यांना दिसते: वातानुकूलन आलं आणि छज्जा गेला. एनसीपीए या संगीत-नाट्य केंद्राचं टाटा थिएटर फिलिप जॉन्सन यांचं, १९८० चं. काळाच्या हिशेबाने ते बाहेर पडतं, पण तिथवर गेलाच आहात तर बघून घ्या.

कुलाब्याच्या टोकाला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी शिकागोच्या हेल्मुट बार्ट्श यांच्याकडून ती बांधून घेतली. पायाभरणी १९५४ साली आणि उद्घाटन १९६२ साली, दोन्ही नेहरूंच्या हस्ते. माझ्या लेखी मुंबईतली समुद्राशी सगळ्यात सभ्यपणे वागणारी इमारत हीच: आडवी, शांत, पुढे हिरवळ आणि मग पाणी. नौदलाच्या हद्दीतून जावं लागतं, तेव्हा एखाद्या जाहीर व्याख्यानाचं निमित्त शोधा.

दादरला गोखले रोडवर पोर्तुगीज चर्चचा बसथांबा सगळ्यांना ठाऊक असतो, पण आत किती जण गेलेत? सत्तरच्या दशकात कोरियांनी ते नव्याने बांधलं. उंच काँक्रीटच्या कवचांमधून वरून उजेड येतो आणि मध्ये उघडे चौक आहेत. वरळीला आय. एम. कादरींचं नेहरू सेंटर, जाळीदार दंडगोल. जवळच कानविंद्यांचं नेहरू सायन्स सेंटर. ते १९८५ साली खुलं झालं, पण हात त्याच पिढीचा.

कांचनजंगा इमारत एवढी गाजली ती का?

कारण तिने मुंबईचं जुनं कोडं उंचावर नेऊन सोडवलं. या शहरात वारा पश्चिमेचा, समुद्र पश्चिमेला, पूर्वेला बंदर. म्हणजे घर पूर्व-पश्चिम उघडं हवं. पण दुपारचं ऊनही पश्चिमेचंच आणि पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून. खिडकी उघडावी तर भाजतं, नाहीतर भिजतं. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांडा काढला होता. राहण्याच्या खोल्या आत आणि भोवती सावलीचा पट्टा.

कोरियांनी आधी साठच्या दशकात नेपियन सी रोडच्या सोनमर्ग इमारतीत हा पट्टा घरांभोवती फिरवला. नंतर कंबाला हिलवरच्या कांचनजंगात, प्रवीणा मेहता यांच्यासह, त्याचं दोन मजली उंचीचं बागेचं अंगण केलं आणि इमारतीच्या कोपऱ्यात कोरून बसवलं. २८ मजले, फक्त ३२ घरं, काम १९७० ते १९८३. रस्त्यावरून पाहिलं तर पांढऱ्या ठोकळ्याचे कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात. ते कुरतडलेले भाग म्हणजे व्हरांडे.

ही श्रीमंतांची घरं आहेत हे खरंच. पण युक्ती श्रीमंतांची नाही, कोकणातल्या पडवीची आहे.

गॅलरी बंद केली तर एवढं काय बिघडतं? सगळ्यांनीच केली आहे.

आम्हीही केली होती. १९८८ साली दिरांचं लग्न ठरलं, एक खोली कमी पडत होती, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा लागल्या. माझे सासरे रोज साडेपाचला गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसायचे, वारा सुटायची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळायची. काचा लागल्या आणि खुर्ची पलंगाखाली गेली. त्याच उन्हाळ्यात बैठकीच्या खोलीत दुसरा पंखा लावावा लागला. कारण साधं आहे. गॅलरी ही खोली नव्हती, ती बैठकीच्या खोलीची छत्री होती. चारचं ऊन तिच्या फरशीवर थांबायचं, आता ते काचेतून आत येऊन कोंडतं.

हे झालं सुखाचं. धोका वेगळाच आहे. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली, एकाच बाजूने धरलेली स्लॅब. तिच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, कारण ताण तिथे पडतो. आपण काय करतो? अगदी टोकाला विटांची भिंत उभी करतो, जुन्या लादीवर नवी लादी घालतो, वर वॉशिंग मशीन ठेवतो. वरून पाणी झिरपतं आणि वरच्याच सळ्या गंजतात. खालच्या मजल्यावरच्या माणसाला छत गुळगुळीत दिसत राहतं. पुढे पालिकेच्या नियमांनीही पैसे भरून बंद गॅलरी मान्य केली, पण परवानगी मिळाली म्हणून सळईला बळ येत नाही.

काचा काढून टाका असं मी सांगत नाही, कुणी काढणार नाही. निदान टोकावरचं ओझं उतरवा आणि वरच्या सगळ्या झडपा उघडतील अशा ठेवा.

जिन्यातली सिमेंटची जाळी काढून काच लावू का? कबुतरं फार झाली आहेत.

कबुतरांसाठी आतून नायलॉनची जाळी मारा. सिमेंटची जाळी ठेवा.

आमच्या जिन्याची जाळी आठ इंची ठोकळ्यांची आहे, प्रत्येकात एक तिरपी चौकट. सकाळी दहाच्या सुमारास तिची नक्षी पायऱ्यांवरून एक-एक करत खाली उतरते. सोसायटीतली मुलं त्यावर लंगडी खेळायची. पण जाळी शोभेची नव्हे. पावसाचं पाणी तिच्या जाडीत अडतं, वारा आत येतो, दिवसा दिवा लागत नाही. आणि तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत आग लागली तर धूर जाळीतून बाहेर जातो. काच लावलेला जिना धुराड्यासारखा भरतो. शेवटचं कारण एकदा सभेत सांगून बघा, वाद संपतो.

मोझेक काढून व्हिट्रिफाइड टाइल घालावी का?

जुनी लादी नीट असेल तर घिसाई करून पॉलिश करा. पितळी पट्ट्यांची, जागेवर ओतलेली मोझेक आज कारागीर शोधून करवून घ्यायला गेलात तर खर्चाने डोळे पांढरे होतील.

आणि जुन्यावरच नवी बसवू नका. दीड-दोन इंचांचा मसाला आणि टाइल मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन पडतं. घरातल्या माणसांचा, सामानसुमानाचा भार म्हणून हिशेबात धरतात ते दोनशे किलो. अर्धी शिदोरी लादीनेच खाल्ली.

समुद्राजवळ आरसीसी इतकं लवकर का सडतं?

काँक्रीट सडत नाही, आतली सळई गंजते. ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की सळईवर आपोआप एक संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो तशी ही अल्कता उतरत जाते. त्यात खाऱ्या वाऱ्याबरोबर क्लोराइड येतं आणि तो थर फोडतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतं. मग ते वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. तुम्ही ज्याला पोपडा म्हणता तो हा ढकललेला तुकडा.

त्या काळच्या काही खोडी यात भर घालतात. स्लॅबच्या सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, असायचं जेमतेम अर्धा-पाऊण इंच. काँक्रीटचं आजचं भारतीय मानक, आयएस ४५६, समुद्राचे तुषार उडतात तिथे ५० मिलिमीटर मागतं. रेती बहुतेक खाडीची, आणि ती धुतली असेलच असं नाही, म्हणजे मीठ बांधकामातच कालवलेलं. १९८२ पर्यंत सिमेंट पूर्णपणे सरकारी नियंत्रणाखाली होतं, परमिटवर मिळायचं, आणि परमिटचं सिमेंट कुठे कुठे जायचं हे तेव्हाच्या माणसाला विचारा. साठच्या अखेरीस पीळदार टॉर सळ्या आल्या. त्या ताकदीला जास्त पण गंजायला साध्या गोल सळईपेक्षा हळव्या, असं जुने इंजिनिअर सांगतात. म्हणून कधी कधी १९५५ ची इमारत १९७५ च्या इमारतीपेक्षा धडधाकट निघते.

घरी बघायचं असेल तर पश्चिमेची बाजू बघा. चार महिने भिजायचं आणि आठ महिने वाळायचं, हा फेरा गंजाला फार मानवतो.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी करायचं आणि त्यात काय होतं?

स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, तिसाच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. शिवाय तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीने मजबुतीचा दाखला पालिकेला द्यायचा असतो.

नुसता हातोडीने टकटक करून अहवाल देणारा इंजिनिअर आला तर त्याला चहा द्या आणि निरोपही द्या. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल या चाचण्या, आणि काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटची नमुन्याची कांडी, काढून तपासणी, एवढं मागा. कोअरवर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कता दाखवणारं रसायन टाकतात तेव्हा तिथे उभे राहा. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, अल्कता गेलेलं करडंच राहतं. आमच्या मागच्या खांबाचा गुलाबी रंग सळईच्या आत पाव इंचावर सुरू झाला. ते पाहिल्यावर सभेतल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. बिल्डर दारात उभा असताना आलेल्या सी-१ वर दुसरं मत घ्या.

कंत्राटदार म्हणतो पोपड्यांवर गिलावा मारून देतो. चालेल?

नाही. आमच्याकडे एकाने तेच केलं. नाव घेत नाही. गंजलेल्या सळईवर मसाला, वर पीओपी, वर पांढरा रंग, आणि बिल दुरुस्तीचं. दुसऱ्याच पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरातला थाळीएवढा तुकडा कडप्प्याच्या ओट्यावर कोसळला. कुकर लावून काकू देव्हाऱ्याकडे वळल्या होत्या, म्हणून वाचल्या. कुकरचं झाकण बसलं ते पुन्हा उघडलं नाही.

खरं काम असं असतं. आधी टेकू. मग टणक काँक्रीट लागेपर्यंत आणि सळईच्या मागे बोट जाईपर्यंत फोडायचं. गंज घासून काढायचा, फार झिजलेल्या सळईला जोड द्यायचा, गंजरोधक लेप, जुनं-नवं सांधणारा बाँडकोट, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने किंवा मायक्रो-काँक्रीट, आणि पाणी मारणं. प्रत्येक टप्प्याचा फोटो आल्याशिवाय बिल पास करू नका. फोडायच्या पायरीला घाई करणारा कंत्राटदार पुढेही घाईच करतो.

गच्चीवर पत्रे टाकायचे का?

आधी चायना मोझेक, म्हणजे चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, आणि तिच्या खालचा विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा दुरुस्त होतो का ते पाहा. पांढरे तुकडे ऊन परत फेकतात, तेवढं घर गार राहतं. पावसाळी शेडला पालिकेची परवानगी लागते. दुरुस्तीचं खर्चिक काम वर्षानुवर्षं ढकलण्यासाठी म्हणून पत्रे टाकाल तर ते पत्रेच कायमचे होतील.

या इमारती हेरिटेज यादीत असतात का?

फारच थोड्या. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ ची, त्या वेळी या इमारती वीस-तीस-चाळीस वर्षांच्या होत्या. आपल्या आईच्या वयाच्या वस्तूला कुणी पुरातन म्हणत नाही. शिवाय यादीत नाव गेलं की पुनर्विकास अडेल या भीतीने सोसायट्याच नको म्हणतात. ती भीती मला कळते. तीनशे चौरस फुटांत तिसरी पिढी वाढवणाऱ्याला वारशाचं प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही.

आमची इमारत सेसची आहे का? पुनर्विकासाला किती संमती लागते?

सेस म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा उपकर. तो फक्त शहर भागात, उपनगरांत नाही, आणि ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींना. ‘अ’ वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीचा, ‘ब’ तिथून १९५० अखेरपर्यंत, ‘क’ १९५१ पासून पुढे. पण सहकारी सोसायटीची मालकी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ ची कार्यपद्धती चालते. त्यात २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते, आधी ७५ लागायची. कागद तपासायला स्वतःचा वकील नेमा. बिल्डरने ‘आमचाच आहे, तुम्हाला खर्च नको’ म्हणून दिलेला नको.

समुद्राजवळ असल्याने सीआरझेड आड येईल का?

सीआरझेड म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा आखला आणि बांधलेल्या शहरी भागातही एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण, त्या सालात गोठवला. २०१९ च्या अधिसूचनेने ती गाठ सोडली. मधली अठ्ठावीस वर्षं वरळी, प्रभादेवी, माहीम, जुहूच्या कित्येक इमारतींना बिल्डरने हात लावला नाही, कारण फायदाच नव्हता. म्हणजे त्या वाचल्या त्या कुणी जपल्या म्हणून नव्हे. आणि आता गल्लीत एकाच वेळी चार क्रेन का दिसतात, त्याचंही उत्तर हेच.

पाडायचं ठरलंच तर काय वाचवता येतं?

सगळ्यात आधी नकाशा. मंजूर झालेला मूळ निळा नकाशा सोसायटीच्या कपाटात नसेल तर पहिल्या सभासदांच्या घरी शोधा. आमचा एका आजोबांच्या विम्याच्या कागदांत निघाला. त्यावर दर खोलीत वाऱ्याचे बाण हाताने काढलेले आहेत. मग रिकाम्या इमारतीचे फोटो, सामान हलल्यावर आणि वीज तोडण्याआधी, सकाळच्या उजेडात.

वस्तूंपैकी सागवानी दारं-खिडक्या, जिन्याचा कठडा, जाळीचे ठोकळे, दर्शनी भिंतीवरची नावाची अक्षरं सुटी करता येतात. जागेवर ओतलेली मोझेक निघत नाही, तिचा नाद सोडा. मात्र पाडकामातून निघणारं सामान बहुतेक करारांत पाडणाऱ्याचं असतं, आणि तुमचा सागवान तिथून थेट ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातो. तेव्हा काय काय आपल्याकडे राहणार याची यादी करारावर सह्या होण्याआधी जोडून घ्या, मापांसकट. आम्ही जाळीचे चाळीस ठोकळे लिहून घेतले, नव्या इमारतीच्या मीटरच्या खोलीसाठी.